प्रयोगाला जागा लागते

आपल्याकडे नाटकाच्या प्रत्येक खेळाला ‘प्रयोग’ म्हणतात. शंभरावा प्रयोग, हजारावा प्रयोग... तेच तेच पुन्हा करायचं तर तो प्रयोग कसला, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर मिळालं मोठ्या काकांकडून. काका बँकेत कारकून. ऑफिस सुटलं की घरी न येता दादरला छबिलदास शाळेत जायचे. ते नट नव्हते. लेव्हल्स उचलायच्या, खुर्च्या मांडायच्या, नाटक संपलं की सगळं आवरायचं आणि शेवटची लोकल गाठायची. काकूच्या मते हे ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ होतं!

काका म्हणायचे, “जे चालेल की नाही हे आपल्यालाही माहीत नसतं, तो खरा प्रयोग.”

मराठीत अशी नाटकं आधीही होत होती. १९६० साली विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे वगैरे मंडळींनी ‘रंगायन’ काढली. पॅरिसमध्ये १९५२ साली आलेलं आयनेस्कोचं नाटक तिथे ‘खुर्च्या’ म्हणून मराठीत झालं. १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आलं. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पांमधून ते तेंडुलकरांना सुचलं. म्हणजे बीज आपल्या उपनगराच्या वाटेवरचंच!

पुढे रंगायन फुटली. १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. नाटकं होती, माणसं होती, पण मोठ्या नाट्यगृहाचं भाडं कुणाला परवडणार? सुलभाताई छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्याच शाळेच्या हॉलमध्ये नाटकं होऊ लागली, फक्त आविष्कारचीच नाही, इतर संस्थांचीही. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ मराठीत केलं. त्यात वेगळा रंगमंच असा नसतोच, मिरवणूक प्रेक्षकांमधूनच जाते. दिवसा जिथे पोरं गलका करायची, तिथे रात्री मराठी नाटक कात टाकत होतं.

जगातही पाहा. दादावाल्यांचं ‘काबारे व्होल्तेर’ १९१६ साली झुरिकच्या एका खानावळवजा दारूच्या गुत्त्यात सुरू झालं. बंडखोर कलेचा इतिहास आपण जाहीरनाम्यांमधून वाचतो, पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कुणीतरी स्वस्तात दिलेली एक खोली असते. त्या खोलीत पडण्याची मुभा असते. तीनशे रुपयांचं तिकीट लावलं की पडणं परवडत नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमची गोराई. बीच आणि पॅगोडावाली नव्हे, ती खाडीपलीकडे. आम्ही खाडीच्या अलीकडचे, जागतिक बँकेच्या योजनेतून वसलेल्या बोरिवलीच्या वसाहतीतले. इथली सात-आठ मुलं चाळीस मिनिटांचं एक नाटक बसवतायत. कुणी कॉलेजात, कुणी कुरिअर कंपनीत. तालमीला जागा नाही म्हणून रात्री जेटीच्या रस्त्यावर उभ्यानेच वाचन करतात. जवळच्याच एका सोसायटीचा हॉल आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असतो. बारसं, साखरपुडा, हळदीकुंकू असलं की उघडतो. मुलांनी विचारलं तर उत्तर आलं, “नाटक कशावर आहे ते आधी लिहून द्या. आणि लग्नाचा दर पडेल.”

कशावर आहे ते मुलांनाच अजून पक्कं ठाऊक नाही हो! म्हणून तर तालीम हवी.

कदाचित नाटक टुकार निघेल. छबिलदासमध्येही सगळं उत्तमच होत नसे, काका हसत हसत सांगायचे. पण तिथे दार उघडं होतं म्हणून जे चांगलं होतं तेही आत येऊ शकलं.

तोवर आमच्या बाहेरच्या खोलीतला सोफा मंगळवारी आणि गुरुवारी भिंतीला लावायचं ठरलं आहे. दहा बाय बाराची खोली, सात नट. शेजारच्या वहिनींना आवाजाचं आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, “मग आम्हालाही बघायला बोलवा.”

पहिला प्रेक्षक तर मिळाला.