मला ते इंजेक्शन चालत नाही

आत्याची दाढ काढायची आज पुन्हा राहिली. बधिर करायच्या इंजेक्शनची आपल्याला ॲलर्जी आहे, असं ती वर्षानुवर्षं सांगते. कधीतरी सुई टोचल्यावर छाती धडधडली, हात थरथरले, घाम फुटला. तेवढ्यावर शिक्का बसला. पण ती धडधड बहुधा ॲड्रेनॅलिनची. औषधाचा असर टिकावा, रक्त कमी यावं म्हणून ते लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात मिसळतात. कुणाला नुसत्या भीतीनेच भोवळ येते. (आमच्या घराण्यात तर सुई दिसली तरी पुरतं.)

खरी ॲलर्जी म्हणजे अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, श्वास कोंडणं. १९०५ साली वापरात आलेल्या प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ती जास्त होई. शरीरात त्यापासून पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल तयार होतं, ते बाधे. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये बनवलेलं लिग्नोकेन वेगळ्या कुळातलं. त्याची ॲलर्जी फारच विरळा. कधी दोषी असतं ते बाटलीतलं मिथाइलपॅराबेन, औषध टिकावं म्हणून घातलेलं.

राग येतो तो तपासणीविना मारलेल्या शिक्क्याचा. तुमच्या कागदांवर तो असेल, तर त्या दिवशी नेमकं काय झालं, औषध कोणतं होतं, हे लिहून ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा.