रंगाची बादली

संगणकावर हलतीं चित्रें काढण्याची ‘ॲनिमेट’ नांवाची आज्ञावली आम्ही वर्गबंधु यंदा शिकूं लागलों. (२०१६ सालापूर्वीं हिला ‘फ्लॅश’ म्हणत.) “चित्र यंत्रच काढतें, मग तुम्ही काय शिकतां?” असा प्रश्न घरोघर झाला.

उत्तर रंगाच्या बादलींत आहे. आम्हीं काढलेल्या आंब्याच्या रेघेंत देंठापाशीं किंचित् फट असली, तर बादली आंत रंग ओतीतच नाहीं. कागदावर असल्या फटीची पर्वा कोण करतो! लहान फटी बुजवून घेण्याची सोय आहे खरी, परंतु टोंकास टोंक आपल्या हातानें भिडविण्यांतच आम्हांस गोडी वाटते.

रेघ येथें शाईची नसते. यंत्र केवळ बिंदू व त्यांमधील वळण स्मरणांत ठेवतें. म्हणून चित्र कितीहि मोठें केलें तरी कड स्वच्छ राहते, आणि वळण न आवडल्यास तें धरून ओढतां येतें.

खरी गंमत पुढेंच. हिरव्या पानावर, त्याच थरांत, पिवळा आंबा रंगवावा आणि मग तो उचलून बाजूस ठेवावा, तों खालीं पानास आंब्याएवढें भोंक! दोहोंचा रंग एकच असता, तर तीं जुळून एकजीव झालीं असतीं. यास्तव आंब्यास आतां स्वतंत्र थर दिला आहे. त्यास फांदीवरून पाडावयाचें आहे. एका सेकंदाच्या पडण्यास २४ चौकटी लागतील.