अभ्यासिकेतली खुर्ची

कमी वेळात जास्त काम कसं करावं, हे शिकवणारी पुस्तकं मी आवडीने वाचतो. त्यांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण त्यांतला खरा कामाचा भाग थोडा असतो आणि तोच सगळ्यात रुक्ष असतो, असं माझं मत होत गेलं आहे. 21 दिवसांत सवय लागते, हेच घ्या. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने 1960च्या पुस्तकात लिहिलं होतं ते इतकंच, की नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला कमीत कमी 21 दिवस लागतात. ही किमान मर्यादा पुढे हमी होऊन बसली. लंडनमधल्या 2010च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मुखपृष्ठावर हे कोण छापणार!

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. थोर लेखक व्हा, असं रामदास तिथे सांगत बसत नाहीत. अक्षर मोकळं हवं, कागदाला चारी बाजूंनी जागा सोडावी, बरू कसे असावेत, असं सांगतात. असला सल्ला लगेच हाताशी येतो. आजच्या नागपुरात हेच काम अभ्यासिका करतात. एमपीएससीची मुलं दरमहा पैसे मोजून घेतात काय, तर प्लायवूडच्या आडोशामागची नंबर टाकलेली खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट आणि घोंघावणारा कूलर. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की पत्र्याच्या खोलीत एकाग्रतेवरचं प्रकरण वाचून एकाग्रता येत नसते. कधी आणि कुठे बसायचं हे आधीच ठरलेलं असलं की ठरवलेली कामं जास्त पार पडतात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या प्रयोगांतही दिसलं आहे. खुर्ची तेवढं ठरवून देते, निश्चयाची भाषा न करता.

यावर कुणी म्हणेल, ही सबब झाली. जिद्दीची माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकली. शिकली, खरंच. पण त्याच दिव्याखाली बसून जी मागे पडली, त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. आणि दिवस सगळ्यांनाच चोवीस तासांचा मिळतो, हे या पुस्तकांचं लाडकं वाक्य तर मला साफ अमान्य आहे. 2019च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती. जे पुरुष घरकाम करत होते, त्यांची 97. नळ, डबे, कूलरमध्ये पाणी भरणं, या सगळ्याआधी निवांत तास काढायचा, तर बाईने तो झोपेतूनच काढायला हवा. तिला पहाटे पाचचा गजर लावायला सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. घरातल्या पुरुषाला कूलर भरायला सांगणारं एखादं निघालं, तर ते मी पूर्ण किमतीला घेईन.