सहा इंची पांढऱ्या टाइल्स

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हल्ली दर दुसऱ्या-तिसऱ्या जिन्याखाली राडारोड्याची पोती दिसतात. स्वयंपाकघरं नवी होताहेत. पोत्यांतून डोकावणारे तुकडे बहुतेक तेच, सहा इंची पांढऱ्या टाइल्सचे.

त्या लागण्याआधीचं स्वयंपाकघर आमच्या पिढीनं पाहिलंय. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी, जमिनीवर वातीचा स्टोव्ह आणि त्याच्यापुढे पाटावर बसलेली आई. भिंतीला कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा. बसून पोळ्या लाटायच्या, पाण्याला उठायचं, पुन्हा बसायचं. मग कधीतरी गॅसचा नंबर लागला आणि त्याच्यासाठी कडाप्प्याचा ओटा आला. आमच्या घरांतल्या बायका तेव्हा पहिल्यांदा उभ्यानं रांधू लागल्या. ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आम्हा मुलांना तेव्हा कळलं नाही. ओट्यामागे टाइल्सच्या तीनच ओळी लागायच्या, कारण पैसे तेवढेच असत. पुढे बोनस मिळाला की आणखी दोन. म्हणून पुष्कळ घरांत वरच्या ओळींचा पांढरा खालच्यांशी जुळत नाही.

बायकांनी त्या टाइल्स जिवापाड सांभाळल्या. रोज रात्री ओटा धुतला की ओलं फडकं भिंतीवरून फिरायचंच. फोडणीनं पिवळे पडलेले व्हाइट सिमेंटचे सांधे दिवाळीआधी धुण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन आम्हीही घासलेत. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघालं; त्याचा खिळा अशाच एखाद्या सांध्यात ठोकलेला असे आणि दुधाचे खाडे त्याच्यावरच मांडले जात.

आता आमच्याकडचंही काम निघालं. गवंड्यानं आधी बोटाच्या पेरानं टाइल्स वाजवून पाहिल्या. पोकळ वाजणाऱ्या छन्नी लावताच अख्ख्या सुटल्या. गॅसमागच्या मात्र हटेनात. तिथं गिलाव्यासकट विटेपर्यंत खपली निघाली. पूर्वी टाइल्स पाण्यात भिजत घालून सिमेंटवर बसवत, त्यामुळे नीट बसलेली टाइल अशीच धरून राहते. एके ठिकाणी टाइलखालून फिकट हिरवा ऑइलपेंट निघाला, माल धरावा म्हणून छन्नीचे टोचे मारलेला. त्या टोच्यांमधून स्टोव्हची काजळीही दिसत होती. आई बराच वेळ बघत राहिली.

“हा तुझ्या बाबांनी लावला होता,” ती म्हणाली. “तुझ्या मुंजीआधी. दोन रविवार घालवले होते त्यांनी.”

मला तो रंग अजिबात आठवत नव्हता. तिला डबा किती लिटरचा आणला होता तेही आठवत होतं.

संध्याकाळी ठेकेदार नव्या टाइल्सचे नमुने घेऊन आला. दोन फूट बाय चार फूट, सांधा जवळजवळ दिसणारच नाही असा. सूनबाईंना ट्रॉल्या कशा हव्यात, चिमणी कुठं, मिक्सरचा पॉइंट कुठं, सगळं लिहून झालं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “अहो, कालनिर्णयचा खिळा कुठं मारणार, ते आधी लिहा.”