पहाटेच्या आईचे दुःख

पहाटे पाण्याची पाळी द्यायला निघालात की दवाने पाय भिजतात. त्या दवाची एक गोष्ट मला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात भेटली.

तिथे दोन कानांचे, पसरट मातीचे एक मद्यपात्र आहे. सुमारे २५०० वर्षांपूर्वी अथेन्सच्या दूरिसने ते रंगवले. आत तळाशी पंख असलेली ईऑस वाकून उभी आहे. ही ग्रीकांची उषादेवी. आपल्या ऋग्वेदातली उषा आणि ईऑस, दोन्ही नावांचे मूळ एकच. तिच्या हातांवर मुलगा मेम्नॉन निष्प्राण पडला आहे. ट्रॉयच्या युद्धात अकिलीसने त्याला मारले. देवी असूनही तिला तो वाचवता आला नाही.

रोमन कवी ओव्हिड सांगतो, तेव्हापासून तिचे अश्रू पृथ्वीवर पडतात, तेच दव. रात्री गार झालेल्या पानांवर हवेतली वाफ जमते, हे मी तुम्हांला शिवारफेरीत सांगतोच. तेही खरेच.

पण त्या पात्रापुढे मला माझ्या कार्यक्षेत्रातली एक माऊली आठवली. कर्ता मुलगा गेला, तरी दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठून गाईची धार काढत होती. वासरू उपाशी कसे ठेवणार? ईऑसही दुसऱ्या दिवशी उगवलीच.