मिठाचा खडा

आमच्या घरात विज्ञानाचे खाते सौ.कडे आहे. ती बी.एस्सी. झालेली, शिवाय एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी. त्यामुळे लेकीच्या अभ्यासाची वाटणी कधीच ठरून गेलेली. भाषा, इतिहास आणि वक्तृत्वस्पर्धा माझ्याकडे. गणित, विज्ञान आणि सिलिंडर कधी लावला ते लक्षात ठेवणे तिच्याकडे. हा बंदोबस्त वर्षानुवर्षे सुरळीत चालला होता. मागच्या वर्षी श्रावणात मात्र सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले, सौ. पंधरा दिवसांसाठी मिरजेला निघाली, आणि गाडी हलता हलता खिडकीतून म्हणाली, "आणि हो, सोमवारी तिची चाचणी आहे. अणू आणि रासायनिक बंध. तेवढं घ्या जरा!"

गाडी गेली. मी फलाटावर तसाच उभा.

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवितो. महानुभावांच्या गद्यापासून नवकवितेपर्यंत काहीही समोर आले तरी मी डगमगत नाही. पण सोडियम म्हटले की माझ्या तळहातांना घाम सुटतो. त्याला कारण आहे, आणि ते मी घरात कुणालाही सांगितले नव्हते. मी साहित्याच्या ओढीने कला शाखेकडे वळलो, अशी एक कथा आमच्या घरात रूढ आहे. ती रूढ करणारा मीच. एकदोन सत्कारांच्या भाषणांतही मी ती सांगितली आहे.

लेक आठवीत, सेमी-इंग्रजीत. विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीतून. मी बाजारातून त्याच पुस्तकाची मराठी आवृत्ती आणली आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी उघडून ठेवली. इंग्रजी तिच्यासाठी, मराठी माझ्या धीरासाठी. आणि खरे सांगतो, पहिल्या दहा मिनिटांत मी खुशीत आलो, कारण तिथे शब्दच शब्द होते!

'ॲटम' हा शब्द ग्रीकांचा. त्याचा अर्थ, जे कापता येत नाही ते. 1803 साली डाल्टनने तीच समजूत धरून आपला सिद्धांत मांडला. पुढे 1897 साली थॉमसनने अणूपेक्षा कितीतरी हलका इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि न कापता येणारी वस्तू आतून उघडली. ग्रीक शब्द त्या दिवशी खोटा ठरला. नाव मात्र तेच राहिले. आमच्या 'अणू'चे तसे नाही. अणू म्हणजे नुसते बारीक, सूक्ष्म. संस्कृतात एका बारीक धान्यालाही अणु म्हणत. ते कापता येते की नाही, याबद्दल शब्द मूग गिळून बसलेला.

"म्हणजे मराठी शब्द जिंकला!" लेक म्हणाली.

"जिंकला नाही. त्याने पैजच लावली नव्हती."

मग मला राहवेना. मी वैशेषिकांकडे गेलो. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि कवडशात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे त्र्यणुक, हे सगळे रंगवून सांगितले. पोरीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांनी मोजलं होतं का?"

"नाही. त्यांनी विचार केला होता."

"मग चाचणीत नाही येणार," ती म्हणाली, आणि पान उलटले.

थॉमसनचे प्रारूप तिला समजेना. प्लम पुडिंग आमच्या घरात कुणी खाल्लेले नाही. मी म्हटले, रव्याचा लाडू घे. लाडूभर पसरलेला रवा म्हणजे धन प्रभार, आणि त्यात जागोजागी रुतलेले बेदाणे म्हणजे ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. हे तिला पटले. पण लाडू फार दिवस टिकला नाही. 1909 साली मँचेस्टरला रदरफर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ वर्खावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले, काही थोडे वळले आणि हजारोंतून एखादा चक्क उलटा फिरला. नुसत्या रव्याला आपटून कोण परत फिरेल? आत कुठेतरी एक अतिशय लहान, अतिशय जड आणि धन प्रभाराचे असे काही असलेच पाहिजे. ते केंद्रक, असे 1911 साली रदरफर्डने सांगितले. सोडियमचे केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे मानले तर त्याचा अणू जवळजवळ आमच्या कॉलेजच्या मैदानाएवढा होईल, आणि त्या एवढ्या मैदानात अकरा इलेक्ट्रॉन! लेक बराच वेळ टेबलावर बोटाने टकटक करीत राहिली. "मग हे लागतं कसं हाताला?" याचे उत्तर मजपाशी नव्हते. इलेक्ट्रॉनांचे आपसांतील नियम असे आहेत की ते एकमेकांना आत शिरू देत नाहीत, हे मला मागाहून कळले.

यानंतर बोर, त्याची 1913 सालची कक्षांची कल्पना, हे आम्ही भराभर उरकले. सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे बसतात आणि क्लोरीनचे सतरा 2, 8, 7 असे, हे तिने मला समजावून दिले. मी मान डोलावली. आता आला बंध.

इथे पाठ्यपुस्तकाची भाषा एकदम पालटते. इतका वेळ प्रभार, वस्तुमान, कवच असे कोरडे बोलणारे पुस्तक देणेघेणे बोलू लागते. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. राजवायूंचे बाह्यकवच भरलेले असते आणि बाकीच्यांची धडपड त्यांच्यासारखे होण्याची. मी लेकीला म्हटले, "हा बघ चेतनगुणोक्ती अलंकार! निर्जीवाला सजीवाचे गुण." मी फुलून आलो होतो. सोडियमला मी दानशूर केले, क्लोरीनला याचक केले आणि निऑनला सिंहासनावर बसविले.

लेक पेन्सिल चावीत म्हणाली, "पण बाबा, सोडियमला द्यावंसं का वाटतं?"

माझ्या तळहातांना घाम सुटला.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बारावी सायन्सला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सॉल्ट ॲनालिसिस कसेबसे आटोपून मी तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलपुढे उभा राहिलो. त्यांनी साधा प्रश्न विचारला, सोडियम इलेक्ट्रॉन का देतो? मी पाठ केलेले उत्तर दिले, "त्याला राजवायूसारखं व्हायचं असतं म्हणून." ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "असं त्यानं तुला सांगितलं का?" मागे उभी असलेली सगळी बॅच हसली. मीही हसलो, आणि तेवढ्यात हातातली परीक्षानळी सुटली.

त्या हसण्याने मी नापास झालो असे म्हणणार नाही. लेखी परीक्षेत मी माझ्या कर्तृत्वानेच नापास झालो. रसायनशास्त्र, एकच विषय. पण त्या दिवसापासून ते पुस्तक उघडले की कुणीतरी हसते आहे असे वाटे. निकालाच्या दिवशी वडिलांनी सकाळीच पेढ्यांचा पुडा आणून देवापुढे ठेवला होता. तो शेजारीपाजारी गेला नाही. वडील एक अक्षर बोलले नाहीत. पुढे आठवडाभर आई रोज जेवणानंतर त्यातला एकेक पेढा माझ्या पानात वाढीत असे, आणि मी तो खात असे. ऑक्टोबरला पुन्हा बसलो, पास झालो आणि कला शाखेला नाव घातले.

लेकीला मी म्हटले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी बिलाच्या पाठीमागे चार ओळींत हिशेब मांडून दिला. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. सोडियमला काही द्यायचे नसते! वायुरूपातल्या तेवीस ग्रॅम सोडियमच्या अणूंतून एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढायचा, तर सुमारे 496 किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. तेवढेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी घेतले की परत मिळतात 349. म्हणजे ज्याला आम्ही दान म्हणत होतो, तो निव्वळ तोट्याचा सौदा. मग मीठ होतेच का? तर असे तयार झालेले धन आणि ऋण आयन एकमेकांना खेचून, रांगा लावून, स्फटिक रचतात, तेव्हा 787 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळा तोटा त्यात भरून निघतो आणि वर शिल्लक राहते. 'व्हायचे असते' वगैरे काही नाही; एकूण ऊर्जा कमी होते, एवढेच.

त्या एक्स्टर्नलनी प्रश्न थट्टेने विचारला असेल, पण प्रश्न अगदी बरोबर होता. हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

त्याहून मोठी गंमत पुढेच होती. पुस्तकातल्या चित्रात एक सोडियम, एक क्लोरीन, मध्ये बाण. जणू वधूवरांचा फोटो. प्रत्यक्ष मिठात अशी जोडीच नाही. प्रत्येक सोडियमच्या भोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनच्या भोवती सहा सोडियम. कोण कुणाचा, सांगता येत नाही. हे 1913 साली लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले. 1915 साली त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. तरी हे सगळ्यांच्या गळी उतरले नाही. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या वृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1927 साली 'नेचर'मध्ये मिठाची कीव करणाऱ्या मथळ्याचे पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची खिल्ली उडविली. मला हा म्हातारा आवडला. जोडीची गोष्ट सोडवत नाही माणसाला.

शब्दांचे हे असेच. ज्यांना राजवायू म्हणतात त्यांचेच दुसरे नाव निष्क्रिय वायू. आणि 1962 साली नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग करून दाखविले, तेव्हापासून 'निष्क्रिय' हा शब्दही अडचणीत आहे.

रात्री पोथ्या वाचायचे माझे भिंग काढले. काळ्या तव्यावर चिमूटभर मीठ पसरले आणि बापलेक दोघे वाकून पाहू लागलो. भिंगाखाली मिठाचे कण इवल्या इवल्या चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतात; काहींचे कोपरे झिजलेले, पण ठोकळेच. आत आयनांची जी मांडणी, तिचीच ही डोळ्यांना दिसणारी खूण. शेजारी साखर ठेवली. साखरेतले बंध सहसंयुज, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉन द्यायचा नाही, घ्यायचा नाही. दोघांनी मिळून एक जोडी वापरायची. ही कल्पना अमेरिकेतल्या लुईसची, 1916 सालची. मग लेकीने नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक इवला दिवा आणला. साखरेच्या पाण्यात तारा बुडविल्या, दिवा लागला नाही. मिठाच्या पाण्यात बुडविल्या, आणि तो लागला. साखर पाण्यात विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात. मिठाचे आयन सुटे होऊन पोहू लागतात.

त्या दिव्याकडे पाहता पाहता मी तिला सगळे सांगून टाकले. तोंडी परीक्षा, परीक्षानळी, पेढे. ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "चाचणीत मग काय लिहू? 'देतो' लिहू की ऊर्जा लिहू?"

"पुस्तकातलं लिही," मी म्हटले. "आणि खाली एका ओळीत ऊर्जेचं लिही."

तिने दोन्ही लिहिले. पाचपैकी साडेचार मिळाले. अर्धा कशाचा गेला ते कळले नाही.

सौ. मिरजेहून परत आली त्या संध्याकाळी लेकीने स्वयंपाकघरात तिला गाठले. मी बाहेर पेपर वाचत होतो. म्हणजे, धरून बसलो होतो.

"आई, बाबा बारावीला केमिस्ट्रीत नापास झाले होते, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आजोबा आमच्याकडे बोलणी करायला आले होते ना, तेव्हापासून. आधीच सांगितलं त्यांनी सगळ्यांसमोर. म्हणाले, मुलगा एकदा नापास झालाय, पण विषय सोडवून मगच शाखा बदलली त्यानं, विषय टाकून नाही."

मी पेपर खाली ठेवला. वडील जाऊन आता सहा वर्षे झाली.

आत जाऊन मी म्हटले, "इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचं!"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली, आणि तवा उचलून नळाखाली धरीत विचारले, "यावर मीठ कुणी सांडलंय हे?"