जहाज, आगगाडी आणि तीन हजार घोडे

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर लिन कॅनॉल नावाची एक लांब, चिंचोळी खाडी आहे. नावात कालवा असला तरी तो कोणी खणलेला नाही. हिमनद्यांनी हजारो वर्षे डोंगर कोरून केलेला हा जलमार्ग असून त्याची खोली काही ठिकाणी ६०० मीटरांहून अधिक भरते. दोन्ही तीरांवर हिमाच्छादित शिखरे, त्यांच्या उतारावरून थेट पाण्यापर्यंत आलेली सूचिपर्णी अरण्ये आणि मधून संथ गतीने उत्तरेकडे सरकणारे जहाज, असा हा प्रवास आहे. खाडी संपते तेथे स्कॅग्वे हे गाव लागते. कायमची वस्ती जेमतेम हजार-बाराशे माणसांची. मात्र उन्हाळ्यात तीन-चार मोठी जहाजे एकाच दिवशी आली की आठ-दहा हजार पाहुणे या चार रस्त्यांच्या गावात उतरतात.

जहाजातून धक्क्यावर पाऊल ठेवावे तो जवळच आगगाडी उभी. व्हाइट पास अँड युकॉन रूट हे तिचे नाव. समुद्रसपाटीवरून निघून ती सुमारे ३२ किलोमीटरांत ८७३ मीटर उंचीची खिंड गाठते आणि जवळजवळ तीन तासांत प्रवाशांना पुन्हा जहाजाशी आणून सोडते. अरण्याची जलयात्रा आणि पर्वताची रेलयात्रा एकाच सहलीत, असे तिचे वर्णन सहलींच्या पुस्तिकांत आढळते. ते खोटे नाही. परंतु जहाज आणि आगगाडीची ही जोडी सहल-कंपन्यांनी जमवलेली नव्हे. ती व्यापाराने जमवली. त्या व्यापारात किती जिवांची आहुती पडली, हे ठाऊक असणाऱ्याला त्याच खिडकीतून वेगळे काही दिसते.

ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लोन्डाइक नदीच्या एका उपप्रवाहात सोने सापडले. बातमी बाहेर पोहोचण्यास जवळजवळ एक वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन आलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटल येथे लागली आणि सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून उत्तरेकडे निघाली, असा अंदाज आहे. त्यांतील तीस-चाळीस हजारच डॉसन या गावी पोहोचली. पोहोचून पाहतात तो चांगल्या जागा आधीच्यांनी केव्हाच रोवून ठेवलेल्या. सोने सापडले ते सुमारे चार हजारांना; खरोखर श्रीमंत झाले ते काही शेकडाच.

मग पैसा कोणी मिळवला? वाचकांनी उत्तर ओळखले असेल. कॅनडाच्या पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर चौकी बसवली होती आणि वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्याशिवाय कोणालाही पुढे सोडले जात नसे. पीठ, कडधान्य, साखर, तंबू, अवजारे मिळून एकेकाचा भार सुमारे ९०० किलो भरे. हा नियम माणसे उपासमारीने मरू नयेत म्हणून होता. सिॲटलच्या दुकानदारांना मात्र तो वरदानच ठरला. बेलिंडा मलरूनी नावाची एक आयरिश तरुणी कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन डॉसनला गेली. पाच हजार डॉलरचा तो माल तिने तीस हजारांना विकला असे सांगतात. जेथे सगळे सोने शोधण्यास निघाले आहेत तेथे कडाक्याच्या थंडीत लोकांना काय लागेल, हा विचार तिने केला. पुढे तिने डॉसनमध्ये हॉटेल बांधले. जॉन नॉर्डस्ट्रॉम हा स्वीडिश तरुण सुमारे १३ हजार डॉलर घेऊन परतला आणि १९०१ मध्ये एका भागीदारासह त्याने सिॲटलमध्ये चपला-बुटांचे दुकान काढले. आजची अमेरिकेतील प्रसिद्ध दुकानमालिका त्यातूनच उभी राहिली.

दूरदृष्टीचे फळ प्रत्येकाला सरळ हाती लागतेच असे नाही. विल्यम मूर या वृद्ध कप्तानाने सोने सापडण्यापूर्वी नऊ वर्षे, १८८७ मध्येच, उत्तरेकडे कधीतरी सोने निघणार आणि वाट याच खिंडीतून जाणार असे ताडले होते. स्कॅग्वेच्या जागी त्याने १६० एकर जमीन धरली आणि धक्का बांधण्यास घेतला. १८९७ च्या उन्हाळ्यात लोंढा उतरला तेव्हा त्याच्या हक्काला कोणी जुमानले नाही. त्याच्याच जमिनीवर रस्ते आखले गेले आणि आड आले म्हणून त्याचे घरही हलवावे लागले. अनेक वर्षांच्या खटल्यानंतर न्यायालयाने त्याला मूळ गावठाणातील भूखंडांच्या आकारलेल्या किमतीचा चौथा हिस्सा देवविला. धक्क्याचे उत्पन्न त्याला तोवर मिळत होते, हे त्यातल्या त्यात बरे.

समुद्रमार्गे जहाज प्रत्येकाला स्कॅग्वेपर्यंत आणून सोडत असे. अडचण होती ती पुढच्या चढाची. व्हाइट पासची वाट घोड्यांना चालेल असे सांगितले जात होते. सिॲटलमध्ये कामातून गेलेली, म्हातारी, अशक्त जनावरे चढ्या भावाने विकली जाऊ लागली. विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जन्मात घोड्यावर ओझे लादले नव्हते. वाट कधी चिखलाची, कधी मोठाल्या धोंड्यांची आणि कोठे एका बाजूस खोल दरी. चारा तर जवळजवळ नव्हताच. वाट तुंबली की पाठीवरचे ओझे न उतरवता घोडे तासन् तास उभे ठेवले जात. पाय मोडलेले घोडे तेथेच टाकून दिले जात आणि मागची रांग त्यांच्यावरूनच पुढे सरके. १८९७-९८ च्या त्या हंगामात सुमारे तीन हजार ओझ्याची जनावरे येथे मेली. त्या घळीला आजही डेड हॉर्स गल्च, म्हणजे मेल्या घोड्यांची घळ, असेच म्हणतात.

ज्या घरांत पांजरपोळासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढली जाते, त्या घरांतील प्रवाशांना हा आकडा केवळ इतिहासातील आकडा वाटणार नाही. या जनावरांच्या मालकांत क्रूर माणसे थोडी असतील. बहुतेक घाईत होते इतकेच. हिवाळ्यापूर्वी खिंड ओलांडायची, दुसऱ्याच्या आधी पोहोचायचे, आणि घोडा काय, दुसरा मिळेल, असा तो हिशेब होता. पुढे सुवर्णयात्रेतल्या जुन्या लोकांनी आणि स्त्रियांच्या एका मंडळाने तेथे या जनावरांसाठी स्मृतिफलक बसवला. फलकावरचा मजकूर जनावरांच्याच तोंडी घातलेला आहे.

रेल्वेचे काम मे १८९८ मध्ये सुरू झाले. भांडवल लंडनच्या सावकारी पेढीचे, कंत्राटदार मायकल हेनी. रुळांमधील अंतर तीन फूट ठेवले गेले. नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते. तिच्यात बसलेल्यांना अरुंद मार्गाची गाडी वळणे कशी घेते हे सांगावयास नको. येथील चढ काही ठिकाणी शंभर फुटांस जवळजवळ चार फूट इतका आहे. कड्यावरून दोर सोडून त्यांच्या आधाराने मजुरांनी ग्रॅनाइट फोडला आणि त्यासाठी सुमारे ४५० टन स्फोटके लागली. ३ ऑगस्ट १८९८ रोजी सुटलेल्या एका शंभर टनी शिळेखाली दोन मजूर गाडले गेले. शिळा हलवणे शक्य नव्हते, म्हणून तीच त्यांची समाधी ठरली. तिच्यावरचा काळा क्रूस गाडीतून दिसतो. त्याच महिन्यात ॲटलिन येथे सोने निघाल्याची आवई उठली आणि कंपनीचीच कुदळ-फावडी घेऊन शेकडो मजूर पळाले.

फेब्रुवारी १८९९ मध्ये गाडी माथ्यावर पोहोचली आणि २९ जुलै १९०० रोजी कारक्रॉस येथे रुळांची दोन्ही टोके जुळली. तोवर सोन्याची लाट ओसरून गेली होती. ज्या घोड्यांचे ओझे ती उचलू शकली असती ते दोन वर्षांपूर्वीच संपले होते. रेल्वे मात्र टिकली, ती खाणींच्या मालावर. धातूंचे भाव पडले, युकॉनची मोठी खाण बंद झाली आणि १९८२ मध्ये तीही थांबली. १९८८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती जहाजाच्या प्रवाशांसाठी.

चढताना डाव्या बाजूस बसावे. डब्यांच्या टोकांस उघडे सज्जे आहेत. थंडी सोसत असेल तर तेथे उभे राहावे. दरीपलीकडचे धबधबे आणि लाकडी टेकूंवरून बोगद्यात शिरणारी गाडीची शेपटी हे सर्व तेथून उत्तम दिसते. एका वळणानंतर १९०१ चा जुना पोलादी पूल येतो, १९६९ पासून वापरात नसलेला. माथ्याजवळ खडकावर पायांनी झिजलेली एक बारीक वाट दिसते, ती सुवर्णयात्रेची. माथ्यावर दोन देशांचे ध्वज आहेत. तेथे इंजिन दुसऱ्या टोकास जाते, प्रवासी आसनांच्या पाठी उलटवून बाजू बदलतात आणि उतरण सुरू होते.

जैन कुटुंबांनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. जहाजावर शाकाहारी म्हटले की कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य झाला असे होत नाही. बेकरीच्या पदार्थांत अंडे असते. काय चालत नाही याची लेखी यादी आरक्षणाच्या वेळीच द्यावी आणि पहिल्या दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखास प्रत्यक्ष भेटावे. गाडीत खाकरा आणि सुका मेवा पुरतो. सीमेवर जवळचे खाद्यपदार्थ न लपवता नोंदवावेत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची तेथे जूनमध्ये सोयच होते, कारण सूर्य रात्री दहानंतर मावळतो. सप्टेंबरच्या मध्यास मात्र सातच्या सुमारास अंधारू लागते. मुलांची सुटी आणि पुढे येणारा चातुर्मास पाहता मे-जूनच योग्य. बहुतेक जहाजे व्हँकुव्हर किंवा सिॲटलहून सुटतात. परदेशी नोंदणीच्या जहाजाने केवळ अमेरिकी बंदरांतच प्रवासी नेऊ-आणू नयेत असा १८८६ चा कायदा असल्याने सिॲटलची फेरीही कॅनडाच्या बंदरास लागते. म्हणून दोन्ही देशांचे व्हिसा घ्यावेत, अमेरिकेचा अनेकवार प्रवेशाचा.

सहल निवडताना जहाज स्कॅग्वेनंतर ग्लेशियर बेमध्ये जाते ना, हे अवश्य पाहावे. तेथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश असतो. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतील खलाशांना या जागी किनाऱ्यात जेमतेम एक खाच दिसली. तिच्यापुढे बर्फाची भिंत होती. हे बर्फ पुढे सरकले तेव्हा तेथे राहणाऱ्या ट्लिंगिट लोकांना गावे सोडावी लागली होती. नंतर ते मागे हटत गेले आणि आज जहाज सुमारे १०० किलोमीटर आत जाते. राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक सकाळी लहान होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज यंत्रे मंद करून थांबते. समोर सुमारे दीड किलोमीटर रुंद निळसर कडा असतो. त्याचा तुकडा पाण्यात कोसळताना आधी दिसतो आणि गडगडाट क्षणभराने येतो. तरंगत्या हिमखंडांवर सील निवांत पडलेले असतात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून जहाजांनी कोठवर जावे हे नियमाने ठरलेले आहे. संध्याकाळी रक्षक पुन्हा होडीत उतरतात आणि जहाज मोकळ्या समुद्राकडे वळते.